गोखरू उपटूनही दरवर्षी का येतं? बोंडातल्या दुसऱ्या बीचा बंदोबस्त

"गेल्या वर्षी मळा अगदी साफ केला होता. एक रोप ठेवलं नव्हतं. यंदा मृग लागला आणि पुन्हा तेवढंच वर आलं." माझी जाऊ हे बोलली, पलीकडच्या वाडीतले दोघे-तिघे बोलले, आणि त्याआधी तीन पावसाळे मी स्वतः हेच बोलत होते. म्हणून जे कळलं ते एकदा नीट लिहून ठेवते. ज्यांच्या मळ्यात, परसात किंवा आगराच्या कडेला काटेरी बोंडांचं गोखरू ठाण मांडून बसलंय त्यांच्यासाठी हे आहे.

आमचा मळा वाशिष्ठीच्या खालच्या अंगाला, नदीचं पाणी जिथे भरती-ओहोटी मानायला लागतं त्याच्या थोडा वर. काठाचा तुकडा पावसाळ्यात रिकामाच असतो. पाणी ओसरलं की वाल, चवळी, वांगी, मुळा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या मळ्यावरही गाळाचा जाड थर येऊन बसला. गाळ सुपीक असतो, म्हणून भाजी चांगली होईल अशी आशा धरली होती. पुढच्या पावसात त्याच गाळातून एकाच जातीची जाड, खरखरीत पानांची रोपं उठली. गणपतीपर्यंत कंबरेएवढी, दसऱ्याला बोंडांनी लगडलेली. दिवाळीनंतर वाल पेरायला उतरलो तर सासूबाईंच्या लुगड्याला बोंडं, मुलांच्या गणवेशाला बोंडं, आणि गाईच्या शेपटीचा गोंडा तर बोंडं गुंतून इतका घट्ट झाला की शेवटी कातरावा लागला.

पहिल्या वर्षी आम्ही ते कोयतीने कापलं. दुसऱ्या वर्षी गणपतीआधी माणसं लावून उपटलं. तिसऱ्या वर्षी पॉवर टिलर घालून सगळं मातीखाली गाडलं. तिन्ही वेळा ते परत आलं, आणि प्रत्येक वेळी येण्याचं कारण वेगळं होतं. हे कळायला मला झाडाकडे नव्याने बघावं लागलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले होते, त्या वह्या माळ्यावरून खाली काढल्या.

आधी बोंड हातात घ्या

"गोखरू" एवढंच सांगून कुणी उपाय विचारला तर उत्तर देऊ नये, कारण या एका नावाखाली आपल्याकडे किमान तीन वेगळी झाडं खपतात.

खरं औषधी गोखरू म्हणजे सराटा, काटे गोखरू. हे जमिनीसरपट पसरतं, पानं चिंचेच्या पाल्यासारखी जोडीजोडीने, फूल छोटं पिवळं, पाच पाकळ्यांचं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे, दोन लहान काटे असतात. सायकलचं टायर पंक्चर करणारं आणि अनवाणी पायात रुतणारं ते हेच. दशमुळातलं गोक्षुर म्हणतात ते हेच.

मोठं गोखरू समुद्राकडच्या रेताड जागी मिळतं. झाड रसरशीत, फूल पिवळं आणि नळीसारखं, फळाला खालच्या अंगाला चार कोपऱ्यांवर चार काटे. ओळखायची सोपी खूण म्हणजे ताजी फांदी पाण्यात फिरवली की पाणी बुळबुळीत, दाट होतं.

तिसरं आमच्या मळ्यातलं. याचं बोंड लांबट अंड्यासारखं, भुईमुगाच्या एकदाणी शेंगेएवढं, अंगभर काटे आणि प्रत्येक काट्याचं टोक गळासारखं वळलेलं. बोंडाच्या पुढच्या टोकाला दोन जाड चोची असतात. पायाला ते फारसं रुतत नाही, कपड्याला आणि केसाला मात्र धरतं. पुस्तकात याला शंकेश्वर म्हणतात. कुठे घागरा, कुठे लांडगा, आणि एक नाव दुतुंडी, म्हणजे दोन तोंडांचं. मला हे शेवटचं नाव सगळ्यांत नेमकं वाटतं. का ते पुढे येईलच. शास्त्रीय नाव झँथियम स्ट्रुमेरियम, १७५३ मध्ये लिनीअसने दिलेलं.

कपड्याला चिकटणारं सगळंच शंकेश्वर नसतं. आघाड्याची फळं बारीक, लांब कणसावर उलटी चिकटलेली असतात. वनभेंडीची बोंडं गोल आणि वाटाण्याएवढी, फूल गुलाबी. धोतऱ्याचं फळही काटेरी, पण ते लिंबाएवढं होतं आणि फोडलं की आत चपट्या बियांचा ढीग निघतो. शंकेश्वराच्या बोंडात बिया फक्त दोनच.

हा फरक कळणं मळ्यापुरतंच महत्त्वाचं नाही. मुतखड्यावर गोखरू चांगलं, असं ऐकून कुणी शंकेश्वराची बोंडं कुटून काढा केल्याचं ऐकलं तर त्याला तिथेच थांबवा. याचं बी विषारी आहे.

झाडाची ओळख, रोपापासून

उगवल्या उगवल्या याची दोन बीजदलं, म्हणजे बीतून निघणारी पहिली पानं, दिसतात. ती लांबट, निमुळती, जाड, गुळगुळीत आणि चकचकीत असतात, बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून मोठी. त्यांच्यामधून येणारं खरं पान मात्र दातेरी आणि खरखरीत. दोन्ही एकाच झाडाची आहेत हे सांगितल्याशिवाय खरं वाटत नाही. उपटायला हीच वेळ सगळ्यांत चांगली, म्हणून हा चेहरा डोक्यात पक्का बसवा.

मोठं झाड सरळ वाढतं. निकस जागी ते वीतभर उंचीवरच बोंडं धरतं, गाळाच्या मळ्यात माणसाच्या खांद्याला लागतं. खोड जाड, खरखरीत, त्यावर जांभळट-तांबूस रेघा किंवा ठिपके. खोडाला काटे नाहीत. पानं एकाआड एक, लांब देठाची, तळाशी हृदयासारखी, साधारण तीन खंडांची, कडा वेड्यावाकड्या दातेरी, आणि देठाजवळून तीन ठळक शिरा निघालेल्या. दुरून एखाद्याला भोपळ्याच्या वर्गातलं वाटेल. प्रत्यक्षात हे सूर्यफूल, झेंडू आणि गाजर गवताच्या कुळातलं आहे. गाजर गवत पुण्यात दिसल्याची नोंद १९५५ च्या सुमाराची आहे आणि त्याच्याविषयी सगळ्यांना माहीत आहे. त्याचा हा भाऊबंद मात्र नजरेतून सुटतो, कारण याला फूल म्हणावं असं काही दिसतच नाही.

फूल असतं. फांदीच्या टोकाला हिरवट-पिवळट गोल गुंड्या येतात, ते नर फुलोरे. त्यांच्यातले पराग वाऱ्यावर उडतात, काहींना त्याने शिंका आणि दमा होतो. त्यांच्या खाली, पानांच्या बगलेत मादी फुलोरे. एका मादी फुलोऱ्यात दोनच फुलं, पाकळ्या नाहीत, आणि त्या दोघांना चारी बाजूंनी छदांची (फुलाखालच्या बारीक पानांची) एक पिशवी बंद करून घेते. ती पिशवी पुढे टणक होते, तिच्यावर गळासारखे काटे येतात. तेच आपलं बोंड. दोन फुलांच्या दोन किंजला जिथून बाहेर डोकावतात त्या जागी दोन चोची. म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतो ते फळांचं घर आहे. खरी फळं, संकृत्स्नफळं (एकाच बीची कोरडी फळं), आत दोन वेगळ्या खोल्यांत आहेत. दोन तोंडं, दोन खोल्या, दोन बिया.

अडकित्त्याने एक बोंड कापून बघा

हे करायला मला चार वर्षं लागली याचं वाईट वाटतं, कारण सगळ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. वाळलेलं बोंड सुपारीसारखं अडकित्त्यात उभं धरा आणि चोचींच्या मधून न कापता बाजूने कापा. दोन कप्पे दिसतील. एकातली बी थोडी मोठी, दुसऱ्यातली लहान. मोठी बी पहिल्या चांगल्या पावसात रुजते. लहान बी बहुतेक वेळा तेव्हा रुजत नाही. ती पुढच्या वर्षी, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी उठते. विल्यम क्रॉकर या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०६ मध्येच याचा अभ्यास मांडला होता. झोपलेल्या बीचं आवरण प्राणवायू आत जाऊ देत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी अंकुराला अडवणारी द्रव्यंही त्यात धरली. कारण काहीही असो, शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ एकच. या वर्षी तुम्ही बघताय ती रोपं म्हणजे बोंडातलं अर्धं बी आहे. उरलेलं अर्धं तुमच्या पायाखाली आहे.

मी एका फुटक्या माठात माती भरून काही बोंडं पेरली, आणि माठावर जाळी बांधली, बाहेरून दुसरं काही पडू नये म्हणून. पहिल्या पावसात बहुतेक बोंडांतून एकेकच रोप आलं. ती सगळी मी कापून टाकली. दुसऱ्या मृगात त्याच माठात पुन्हा रोपं. आमच्या मळ्यात दुसऱ्या वर्षी काय झालं असेल ते त्या माठाने दाखवलं: माणसं लावून उपटलं ते काम चांगलंच झालं होतं, फक्त आम्ही "झालं" असं समजून पुढच्या वर्षी लक्ष काढून घेतलं.

आणखी एक गोष्ट माठातच कळली. कोवळं रोप खुरप्याने खरवडलं की ते मरतं, पण बोंड मातीत राहतं, दुसऱ्या बीसकट. तेच रोप ओल्या मातीतून बुडाला धरून हळू ओढलं तर बऱ्याचदा जुनं बोंड मुळाला लोंबतच वर येतं. म्हणजे एका ओढण्यात दोन वर्षांचं काम. तेव्हापासून जिथे रोपं विरळ आहेत तिथे आम्ही खुरपं वापरत नाही. घरातल्या मुलांना सांगितलंय की रोप मोजू नका, मुळाशी आलेली बोंडं मोजा. ती बादलीत टाकायची. जिथे गालिच्यासारखं दाट उगवलं असेल तिथे मात्र हे जमणार नाही, तिथे खरवडावंच लागतं आणि पुढच्या वर्षाची तयारी ठेवावी लागते.

कापलं, गाडलं, तरी का आलं

कोयतीने कापण्याचं सांगते. आपण उभ्याने कापतो, त्यामुळे बुंध्याचा वीतभर भाग राहतो. त्यावर पानांच्या बगलेत डोळे असतात, तिथून फुटवे येतात, आणि ते फुटवे उंच न होता बुडाशीच बोंडं धरतात. वरून मळा साफ दिसतो आणि गवताच्या आत बोंडं पिकत असतात. कापायचंच असेल तर जमिनीला लावून, पहिल्या पानाच्याही खाली कापा. पण ओल्या मातीत याचं सोटमूळ चांगलं निघतं, त्यामुळे मी कापण्याच्या बाजूची नाही.

गाडण्याने तर आम्ही आमचंच नुकसान केलं. गाजर गवताचं बी बारीक असतं, खोल गेलं की त्याला वर येण्याएवढी ताकद नसते. शंकेश्वराचं बी मोठं, त्यात भरपूर अन्न साठवलेलं; चार-पाच बोटं खोलीवरूनही त्याचा कोंब वर येतो. त्याहून खोल गेलेली बोंडं पुढच्या नांगरटीला पुन्हा वर येतात. पॉवर टिलरने आम्ही बोंडं नष्ट केली नाहीत, मळाभर सारखी पेरली.

मग वेळेचा घोळ. शंकेश्वर हे रात्रीच्या लांबीवर फुलणारं झाड आहे, आणि या बाबतीत जगातल्या सर्वांत जास्त अभ्यासल्या गेलेल्या झाडांपैकी एक आहे. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी याच झाडावर प्रयोग करून दाखवलं की फुलण्याचा निर्णय दिवसाच्या उजेडापेक्षा सलग अंधाराच्या तासांवर ठरतो. त्यांच्या झाडांना साधारण साडेआठ तासांहून मोठी अखंड रात्र लागत होती, आणि अशी एक रात्रही पुरत होती. मध्येच थोडा वेळ दिवा लावला की हिशेब मोडायचा. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या झाडांचा हा उंबरठा वेगवेगळा असतो. आमच्याकडची झाडं श्रावणाच्या शेवटाला आणि भाद्रपदात फुलोऱ्यावर येतात. पण कोकणात जूनमधली सर्वांत लहान रात्रसुद्धा पावणेअकरा तासांच्या आसपास असते. त्यामुळे उशिरा उगवलेल्या रोपाला वाट बघायची गरजच नाही. गणपतीनंतर उगवलेलं रोप चार-पाच पानांवर, वीतभर उंचीवर फुलतं आणि दोन-चार बोंडं टाकून मोकळं होतं. आमचं उपटणं गणपतीआधी संपायचं. मोठी झाडं गेलेली असायची, ऊन जमिनीपर्यंत पोचायचं, आणि हस्ताच्या पावसात ही बुटकी पिढी तयार व्हायची. गवतात ती दिसतही नाही. दिवाळीत कपड्याला लागते तेव्हा कळतं.

बाहेरून येतं ते

आपला मळा कितीही साफ ठेवला तरी बोंडांना पोहता येतं. आत हवा असते, त्यामुळे ती कित्येक दिवस पाण्यावर तरंगत राहतात. म्हणूनच हे झाड नदीकाठी, पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला, खाडीच्या गाळावर आणि पुराची रेघ जिथे थांबते तिथे ओळीने उगवलेलं दिसतं. तुमच्या मळ्यात ते एका बाजूने दाट आणि आत विरळ असेल तर ती बाजू पाण्याच्या वाटेची आहे का बघा. आम्ही वरच्या बाजूला, पऱ्याचं पाणी मळ्यात शिरतं तिथे, करवंदीच्या फांद्यांचं आडवं कुंपण घातलं. पाणी जातं, पालापाचोळा आणि बोंडं अडकतात. दर मोठ्या पावसानंतर तो कचरा काढून वाळवायचा. पुराला हे कुंपण पुरत नाही, रोजच्या पावसाला पुरतं.

गुरं हा दुसरा रस्ता. पऱ्याच्या काठाला चरून आलेली गाय शेपटीत, कानाच्या केसांत, मानेखाली बोंडं घेऊन येते आणि अंग झटकते ती गोठ्यात. तिथून झाडलोट होऊन शेणाच्या गायरीत (शेणखताच्या खड्ड्यात), आणि गायरीतून खत म्हणून थेट वांग्याच्या वाफ्यात. आमच्या वाफ्यांत शंकेश्वर येण्याचं हेच कारण निघालं. तिथे ना पूर पोचला होता ना पॉवर टिलर. गायरी थंड असली, नीट कुजलेली नसली, तर बोंडातलं बी जिवंत राहतं. त्यामुळे उपटलेलं शंकेश्वर, बोंडं धरलेलं असेल तर, गायरीत टाकू नका. बांधावरही फेकू नका, कारण बोंड टणक व्हायला लागलं असेल तर झाड वाळता वाळता आतलं बी पिकू शकतं. गोणपाटात भरून घरामागच्या चिऱ्यांवर वाळवायचं आणि भाजावळीच्या वेळी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पेरणीआधी भाजतात तेव्हा, राबात (जाळायच्या पालापाचोळ्यात) घालून जाळायचं. भाजावळीबद्दल एक गैरसमज दूर करते: तिने जमिनीवर पडलेली बोंडं जळतात, मातीत गेलेल्यांना झळही लागत नाही.

विकत आणलेला पेंढा आणि घाटावरून बसायला येणारी मेंढरं, याही वाटा आहेत. पेंढा आणला की सोडायच्या आधी एकदा झटकून घ्या.

रानभाजीच्या दिवसांत हे घरात सांगा

हा भाग तणाशी थेट संबंधित नाही, तरी मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पहिल्या पावसात आपण टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी खुडायला बाहेर पडतो. नेमकी तेव्हाच शंकेश्वराची कोवळी, रसरशीत रोपं वर आलेली असतात. त्या बीजदलांच्या अवस्थेतच या झाडाचं विष सर्वांत जास्त असतं, बियांइतकं. त्याचं नाव कार्बॉक्सीॲट्रॅक्टिलोसाइड. ते रक्तातली साखर एकदम खाली आणतं आणि यकृत निकामी करतं. २००७ मध्ये बांगलादेशाच्या सिल्हेट भागात पुरानंतर अन्नाची टंचाई झाली तेव्हा लोकांनी ही रोपं भाजी म्हणून शिजवून खाल्ली. तिथेही याला घागराच म्हणतात, घागरा शाक. ७६ जण आजारी पडले आणि त्यातले १९ दगावले. भाजी शिजवलेली होती, हे लक्षात ठेवा.

गुरं मोठं खरखरीत झाड सहसा तोंडात घेत नाहीत. धोका असतो तो पूर ओसरल्यावर, जेव्हा दुसरं हिरवं काही नसतं आणि गाळावर फक्त ही रोपं लुसलुशीत दिसतात. अशा काठावर वासरं सोडू नका. जनावर खाऊन आलं, सुस्त पडलं, थरथरायला लागलं, तर घरचा उपाय करत बसू नका; गुरांच्या डॉक्टरांना बोलवा आणि काय खाल्लं ते झाडासकट दाखवा. माणसाच्या बाबतीत तर लगेच दवाखाना.

आता आम्ही काय करतो

मे महिन्यात, वैशाखाच्या उन्हात, मळ्याला पंपाने एक भरपूर पाणी देतो. पीक नसताना पाणी का घालवता असं विचारणारे भेटले. पण त्या उष्ण ओलाव्यात जे बी रुजायला तयार आहे ते रुजतं, आठ-दहा दिवसांत बीजदलं वर दिसतात आणि ऐन उन्हात ती खरवडली की वाळून जातात. पावसाळ्यात खरवडलेलं रोप कधी कधी पुन्हा मूळ धरतं, मेमध्ये धरत नाही.

मृग आणि आर्द्रात पहिली फेरी, रोपं चार पानांची व्हायच्या आत, बोंडासकट ओढून. पुष्याच्या सुमाराला दुसरी. या दोन फेऱ्यांच्या मध्ये रिकाम्या तुकड्यावर दाट ताग टाकतो. शंकेश्वराला सावली मानवत नाही. तागाच्या आत जी रोपं येतात ती लांबट, फिकट होतात आणि हाताने सहज निघतात. ताग फुलायच्या आधी मातीत जातो, त्याचं खतही होतं. नारळाच्या झावळ्या टाकून झाकण्याचाही प्रयोग केला, पण मोठ्या बीचा कोंब फटीतून बरोबर वाट काढतो. झावळ्यांचा जाड थर दिला तरच काही उपयोग, आणि तेवढ्या झावळ्या आमच्याकडे नव्हत्या.

गणपतीच्या आधी तिसरी फेरी. इथे थांबायचं नाही. चौथी फेरी हस्तात, घटस्थापनेच्या आगेमागे, आणि ही माझ्या मते सगळ्यांत मोलाची, कारण ती त्या बुटक्या पिढीसाठी आहे. या फेरीला वाकून, गवत हाताने बाजूला करून बघावं लागतं. घरातलं सगळ्यांत चांगल्या नजरेचं माणूस पाठवा. आमच्याकडे सासूबाई जातात. त्यांना ते पानाच्या खरखरीतपणावरून हाताला कळतं. तुळशीच्या लग्नाच्या वेळी फक्त कडा, कुंपण आणि गोठ्याची वाट बघायची, पडलेली बोंडं झाडून गोळा करायची.

हातमोजे किंवा निदान जुनं फडकं वापरा, काहींच्या त्वचेला या पानांनी खाज सुटते. केसांत बोंड गुंतलं तर ओढू नका. खोबरेल तेल भरपूर लावा, बोंड चिमट्यात धरून तेच चिरडा आणि केस एकेक सोडवा. गुरांच्या शेपटीलाही हाच उपाय, फक्त रोज करायला हवा. आठवडाभर तसंच राहिलं की कातरीशिवाय इलाज नाही.

तणनाशकाबद्दल विचारणारे बरेच आहेत. माझ्या चुलतदिराने एका वर्षी टू-फोर-डी फवारलं. लहान शंकेश्वर मेलं, हे खरं. पण वारा खाडीकडून होता आणि शेजारच्या चवळीची आणि मिरचीची पानं दोऱ्यासारखी आखडली. ते औषध रुंद पानाच्या झाडांसाठीच आहे, चवळीला आणि शंकेश्वराला ते वेगळं ओळखत नाही. शिवाय झोपलेल्या दुसऱ्या बीवर त्याचा काही परिणाम होत नाही, त्यामुळे पुढच्या वर्षी त्याला पुन्हा फवारणी आलीच. भाजीच्या मळ्यात आणि पाण्याच्या काठाला मी ते वापरणार नाही. मोकळ्या पडीक जागेसाठी कुणाला वापरायचंच असेल तर आधी कृषी सहायकाला विचारून, वारा पडलेला असताना, रोपं चार पानांची असतानाच.

भाताच्या खाचरांची काळजी करू नका. चिखलणी होऊन पाणी उभं राहतं तिथे ते जोर धरत नाही. बांधावर मात्र धरतं, आणि बांधावरची बोंडं कापणीच्या वेळी भाऱ्यात येतात. कापणीआधी बांध बघून घ्या.

किती वर्षं? एकही बोंड नव्याने पडू दिलं नाही तर तीन ते चार वर्षांत मातीतला साठा बहुतेक संपतो. एक मोकळं वाढलेलं झाड चुकलं तर त्यावर शेकड्यांनी बोंडं येतात आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आमचं तिसरं वर्ष चालू आहे. पुराच्या बाजूचा पट्टा अजून त्रास देतो, आतल्या भागात यंदाच्या मृगात मुलांच्या बादलीचा तळही झाकला नाही. चौथ्या फेरीला अजून वेळ आहे, आणि पऱ्यावरचं कुंपण परवाच्या पावसाने एका बाजूला कललंय, ते उद्या सकाळी सरळ करायचंय.